ओळखीचे सगळे संपले, आता गिऱ्हाईक शोधायचं कुठून? (डायरेक्ट सेलिंग, बडोदा)

मांजलपूरची_मीनल

नमस्कार मंडळी, इथे नेहमी वाचते, लिहितेय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी बडोद्यातच जन्मले-वाढले, सध्या मांजलपूरला असते. वर्षभरापूर्वी एका डायरेक्ट सेलिंग कंपनीत जॉइन झाले, नाव नको, नाहीतर सगळी चर्चा त्यावरच जाईल. प्रोटीन पावडर, मल्टिव्हिटॅमिन, क्रीमं आणि घरातली लिक्विडं म्हणजे भांड्याचं, कपड्याचं, फरशीचं. माल वाईट नाही, भांड्याचं लिक्विड तर मी घरी आता दुसरं वापरतच नाही.

अडलंय ते माणसांवर. जॉइन झाल्या झाल्या अपलाइनने, म्हणजे जिने मला कंपनीत जोडलं तिने, वही घ्यायला लावली, शंभर नावं लिही म्हणाली, सासरचे, माहेरचे, शाळेतले, भिशीतले, सोसायटीतले, दूधवाला सुद्धा सोडू नकोस. लिहिली, फोन केले. बऱ्याच जणांनी भिडेखातर एकेक डबा घेतला आणि नंतर फोन उचलायचेच बंद झाले. परवा दांडिया बाजारात माझी एक चुलत नणंद समोरून येत होती, तिने मला बघितलं आणि पटकन फरसाणच्या दुकानात वळली. तिला शुगर आहे, फरसाण डॉक्टरांनी बंद केलंय, हे मला माहीत आहे आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत आहे.

आता अपलाइन म्हणते वॉर्म मार्केट म्हणजे ओळखीचे झाले, कोल्ड मार्केट म्हणजे अनोळखी लोक कर. सकाळी कमाटीबागेत वॉकला येणाऱ्यांशी ओळख काढ, मॉलमध्ये चांगले कपडे घातलेले, हसरे, "पॉझिटिव्ह" लोक हेर, आणि प्रॉडक्टचं किंवा कंपनीचं नाव आधी काढायचंच नाही, नुसतं "एका बिझनेसबद्दल बोलायचंय, चहाला या" एवढंच. मला हे घशाखाली उतरत नाहीये. शिवाय एक जण बडोद्यातल्या पाच हजार नंबरांची एक्सेल शीट विकतोय, "हाय इन्कम, व्हेरिफाइड" म्हणे, घेऊ का?

मुद्द्याचं विचारते. हा माणूस घेणार आणि हा नाही, हे तुम्ही सेल्समधले लोक आधी कशावरून ओळखता? आणि माल विकायचा कोणाला आणि आपल्या हाताखाली विक्रेता म्हणून जोडायचं कोणाला हे वेगळं ठेवायचं की एकच?

एमएलएम (माणसाला माणूस जोडत जायची साखळी) म्हटल्यावर ज्यांना शिव्या द्यायच्यात त्यांनी खुशाल द्या, फक्त खाली एक ओळ उपयोगाची लिहा.

निशाचर

शिव्या नाही, गणित देतो. तुमच्या मीटिंगमध्ये बोर्डावर ते गोल गोल काढून दाखवतात ना, तू सहा आण, ते सहा जण प्रत्येकी सहा आणतील. सहा, छत्तीस, दोनशे सोळा असं कॅल्क्युलेटरवर मारत जा, आठव्या पायरीला १६,७९,६१६ येतात. २०११ च्या जनगणनेत बडोदा शहराची वस्ती १६-१७ लाखांच्या घरात होती, पाळण्यातली पोरं धरून. म्हणजे आठव्या पायरीवर अख्खं बडोदं डिस्ट्रिब्युटर झालं आणि भांड्याचं लिक्विड विकत घ्यायला माणूस आणायचा आणंदहून.

उपयोगाची ओळ: एक्सेल घेऊ नका. तसली एक शीट माझ्याकडेही आली होती, त्यात "हाय इन्कम" खाली माझाच नंबर होता.

टीम_लीडर_गुजरात

मीनल मॅडम, निगेटिव्ह लोकांचं ऐकू नका, असे लोक स्वतः काही करत नाहीत आणि दुसऱ्याला करू देत नाहीत. सेल्स हा नंबर गेम आहे. शंभर जणांना विचारलं तर दहा ऐकतात, दहातले एक-दोन येतात, म्हणून लिस्ट रोज वाढवायची. आणि कोणालाही आधीच जज करायचं नाही, तुम्हाला वाटतं हा घेणार नाही तोच उद्या तुमच्या टीममधला डायमंड, म्हणजे वरच्या लेव्हलचा माणूस होतो. इनबॉक्स करा, संडेच्या झूमची लिंक देतो.

व्हीबेल्टवाला

मी नेटवर्कमधला नाही. मकरपुरा जीआयडीसीत बेअरिंग, व्ही-बेल्ट, ऑइल सील असला माल विकतो, बाबांच्या वेळेपासूनचं दुकान आहे. पण वरच्या साहेबांचं "आधीच जज करायचं नाही" वाचून राहवलं नाही. अहो आमचं अर्धं काम तेच आहे, फक्त माणूस जज करत नाही आम्ही, त्याची गरज जज करतो.

कारखान्यात गेलो की मी आधी ऑफिसात जातच नाही. शेडमध्ये एक चक्कर मारायला मिळाली तर ब्लोअर, कॉम्प्रेसर जिथे असेल तिथे पुलीखाली बघतो. काळा बुक्का साठलेला दिसला की बेल्ट घासतोय, अलाइनमेंट बिघडलंय नाहीतर ताण चुकलाय. तीन बेल्टच्या पुलीवर दोन जुने आणि एक कोरा दिसला तर समजायचं की ही तुटल्यावर धावाधाव करणारी पार्टी आहे, स्टोअरमध्ये स्पेअर ठेवत नाहीत. खरं तर सेट एकदम बदलायचा असतो, एकच बदलला की नवा बेल्ट सगळा लोड अंगावर घेतो आणि तोच आधी जातो, पण हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. ही माझी पार्टी, इथे मी तासभर थांबतो. आणि बरोब्बर शेजारच्या प्लॉटमध्ये चकचकीत गेट, काचेचं ऑफिस, एसी रिसेप्शन, पण माल सगळा हेड ऑफिसने आधीच भाव ठरवलेल्या रेट कॉन्ट्रॅक्टने येतो, तिथे चहा पिऊन परत. गेट बघून, कपडे बघून पार्टी ठरवली असती तर आमचं दुकान बाबांच्या काळातच बंद झालं असतं.

मग दुसरं बघायचं ते मागणारा कोण, सही करणारा कोण आणि पैसे सोडणारा कोण. फिटर म्हणतो बेल्ट पाहिजे, पर्चेसवाला भाव पाडतो, अकाउंट्सवाला नव्वद दिवस फिरवतो. ट्रेनिंगवाले याला बजेट, अथॉरिटी, नीड, टाइमलाइन असं काहीतरी म्हणतात, म्हणोत बापडे. नवीन पार्टी उधारी मागत असेल तर तिचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकतो, फुकट आहे, रजिस्ट्रेशन चालू आहे का कॅन्सल झालंय, कधी घेतलंय, रिटर्न भरतोय का सगळं दिसतं. ज्याने सरकारचे रिटर्न महिनोन्‌महिने भरले नाहीत तो माझं बिल काय भरणार.

आता तुमचं बघू. तुम्ही स्वतःच लिहिलंय भांड्याचं लिक्विड दुसरं वापरत नाही, मग प्रोटीन पावडर घेऊन कमाटीबागेत कशाला फिरताय? लिक्विड संपतं, संपलं की लागतंच, आणि जिथे भांडी जास्त तिथे लवकर संपतं. फतेगंज, सयाजीगंज बाजूला युनिव्हर्सिटीच्या पोरांचे पीजी आणि मेस बघा किती आहेत, घरून टिफिन देणाऱ्या बायका आहेत, लग्नाचे केटरर आहेत, घरगुती फराळवाल्या आहेत ज्यांच्याकडे दिवाळीच्या आधी महिनाभर कढया घासून संपत नाहीत. तुमच्या त्या शंभर नावांत अशी किती होती? वही भरली ती ओळख किती आहे ते बघून, भांडी किती आहेत ते बघून भरली असती तर नावं पंधराच निघाली असती पण फोन उचलले असते.

पाणीवाला

बेल्टवाल्या भाऊंशी शंभर टक्के सहमत. मी आरओ विकतो आणि सर्व्हिसिंग करतो. माझ्या खिशात पेनाएवढा टीडीएस मीटर असतो, पाण्यात विरघळलेले क्षार किती ते दाखवतो, कोणाच्या घरी गेलो की आधी नळाखाली कप धरायचा आणि मीटर बुडवायचा, बाकी गप्पा नंतर. जिथे कॉर्पोरेशनचं मही नदीचं किंवा आजवा तलावाचं पाणी येतं तिथे आकडा बहुतेक पाचशेच्या बराच खाली असतो. पाचशे ही पिण्याच्या पाण्यासाठीच्या बीआयएसच्या आयएस १०५०० या मानकातली टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा, त्याखाली असेल तर मी सरळ सांगतो, काका तुम्हाला आरओ नको, साधा यूव्ही लावा, जंतू मारणारा. शहराबाहेरच्या बाजूला नव्या सोसायट्या आहेत, अजून बोअरवर चालतात, तिथे आकडा हजाराच्या वर जातो, नळाच्या तोटीला पांढरा थर, गिझरची कॉइल सारखी बदलायला लागते. तिथे मला विकायला लागतच नाही, ते लोक आधीच वैतागलेले असतात.

गंमत अशी की ज्या काकांना मी नको म्हटलं होतं त्यांनीच मुलीच्या नव्या फ्लॅटचा नंबर दिला.

अजून एक, टायमिंग. नवीन फ्लॅटचं पझेशन मिळतं तेव्हा पडदे, किचनच्या ट्रॉल्या, पंखे, आरओ सगळं एका झटक्यात ठरतं, नंतर गेलात तर कोणीतरी लावून गेलेला असतो आणि मग तो खराब व्हायची वाट बघा. म्हणून मी बिल्डरच्या ऑफिसात खेटे घालत नाही, सुतार आणि प्लंबर लोकांशी ओळख ठेवतो. कुठल्या फ्लॅटमध्ये कोण कधी राहायला येतंय हे त्यांना सगळ्यात आधी कळतं.

रश्मी_कारेलीबाग

मीनलताई, मी विम्याचं काम करते, त्यामुळे मला बघून रस्ता बदलणारे लोक मलाही चांगलेच ओळखीचे आहेत 😄

आधी त्या चहाचं बोलू. काय विकतोय ते न सांगता बोलावणं तुम्हाला पटत नाहीये ते बरोबरच आहे, कारण ते नियमातही बसत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने ग्राहक संरक्षण (डायरेक्ट सेलिंग) नियम आणले, त्यात लिहिलंय की बोलणं सुरू करतानाच आपण कोण, कुठल्या कंपनीचे, काय विकतोय आणि कशासाठी भेटतोय हे खरं खरं सांगायचं. ओळखपत्र आणि आधी घेतलेली वेळ याशिवाय कोणाच्या घरी जायचं नाही. कोणाला जोडताना एंट्री फी नाही, पुस्तकं किंवा डेमोचा सेट विकत घ्यायची सक्ती नाही. आणि नुसती माणसं जोडण्याचेच पैसे मिळत असतील तर ती पिरॅमिड स्कीम, तिला बंदी आहे, मनी सर्क्युलेशनवर, म्हणजे नुसते पैसे फिरवायच्या स्कीमवर बंदीचा कायदा तर १९७८ पासूनचा आहे. तुम्ही सही केलेलं कॉन्ट्रॅक्ट काढा आणि त्यात कूलिंग-ऑफ (ठरलेल्या मुदतीत करार मोडायची मुभा) आणि पडून राहिलेला माल परत घेण्याबद्दल काय लिहिलंय ते नीट वाचा. कंपनी दाद देत नसेल तर १९१५ ही ग्राहकांची हेल्पलाइन आहे.

ती एक्सेल. त्यातले कितीतरी नंबर डीएनडीवर (जाहिरातीचे कॉल नकोत अशा यादीत) असणार, ते लोक १९०९ वर तक्रार करतात आणि आपल्या साध्या मोबाइलवरून असे प्रमोशनचे कॉल करत सुटलं तर ट्रायच्या (टेलिकॉमवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) नियमांनी आपलाच नंबर बंद होऊ शकतो. त्या नंबरवर तुमचं बँकेचं, मुलांच्या शाळेचं, गॅसचं सगळं असणार. कशाला.

आणि पावडर, गोळ्या. कोणीतरी तुम्हाला सांगेल की ज्यांच्या घरी शुगर, बीपी, गुडघेदुखी आहे त्यांची यादी कर, ते लगेच घेतात. घेतातही, घाबरलेला माणूस काहीही घेतो. पण सप्लिमेंट म्हणजे औषध नाही, त्याने आजार बरा होतो असं सांगून विकणं एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमात बसत नाही, आणि डायबेटिस बरा करतो असल्या जाहिरातींना तर १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. तुमची नणंद फरसाणच्या दुकानात का शिरली असेल याचा या अंगानेही विचार करा, तिला कदाचित पैशाची नाही, "तुला शुगर आहे ना, मग हे घे" या वाक्याची भीती वाटली असेल.

माणसं कशी शोधते ते सांगते. "कोणी असेल तर सांगा हं" असं म्हटलं की समोरच्याच्या डोक्यात कोणीच येत नाही. "तुमच्या ऑफिसात एवढ्यात कोणी होम लोन घेतलंय का?" म्हटलं की दोन नावं पटकन निघतात. लोन, बाळ, नोकरी बदलणं, वडिलांचं रिटायरमेंट, या वेळांना माणूस स्वतःच विम्याचा विचार करत असतो, बाकी वर्षभर त्याला तो विषय नको असतो. आणि नाव मागायचं ते आपण त्याचं एखादं काम करून दिल्यावर, क्लेमचे कागद लावून दिले, नॉमिनी बदलून दिला की लगेच. पॉलिसीवर सही करताना मागितलं तर त्याला वाटतं हिचं पोट भरतच नाही.

कोणाला सोडायचं हे पण ठरवून ठेवा. मला "तुमच्या कमिशनमधलं थोडं आम्हाला द्या, मग घेतो" म्हणणारे भेटतात, विमा कायद्याच्या कलम ४१ मध्ये ते चालत नाही, दंड १० लाखांपर्यंत आहे, अशाला मी तिथल्या तिथे नमस्कार करते.

जोडायचं कोणाला? तुमच्या गिऱ्हाइकांतूनच. जी बाई तुम्ही आठवण न करता परत मागवते आणि शेजारणीलाही आपणहून सांगते, तिला विचारा, तेही तिने मागितल्यासारखं वाटलं तर. मॉलमधले हसरे चेहरे राहू द्या, तिथे एसीमुळे सगळेच हसरे असतात.

टीम_लीडर_गुजरात

सगळ्या कंपन्यांना एका काठीने हाकू नका. आमची कंपनी रजिस्टर्ड आहे.

निशाचर

रजिस्टर्ड तर माझी अ‍ॅक्टिवा पण आहे.

मांजलपूरची_मीनल

बाप रे, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, खरंच थँक्यू सगळ्यांना. टीम लीडर, राग मानू नका, झूम नको.

काल रात्री वही काढली आणि प्रत्येक नावापुढे "परत मागवलं का" असा एक कॉलम केला, मी फोन न करता मागवलं असेल तरच टिक. मोजकीच नावं उरली आणि सगळीच्या सगळी लिक्विडवाली, पावडरची एकही नाही!! त्यात वाघोडिया रोडची एक टिफिनवाली आहे जिला मी कधी धड गिऱ्हाईक म्हणून मोजलंच नव्हतं, आईच्या ओळखीची म्हणून एक बाटली दिली होती आणि तिचा दर वेळी आपणहून मेसेज येतो. अपलाइनला हे सांगितलं तर म्हणाली लिक्विडमध्ये पॉइंट (ज्यावर आमचं कमिशन ठरतं) कमी असतात, पावडरवर फोकस कर. म्हणजे कोणाला काय हवंय यापेक्षा पॉइंट कशात आहेत त्यावर गिऱ्हाईक शोधायचं का, हे मी तिला विचारलं नाही पण डोक्यात आलं.

एक्सेलवाल्याला नको म्हणून कळवलं. कॉन्ट्रॅक्ट सापडत नाहीये, पीडीएफ मेलमध्ये असेल, शोधते.

आता खरी अडचण. मेसवाल्याकडे गेले तर तो पहिलं वाक्य हेच बोलणार की बाजारात सुटं लिक्विड पाच लिटरच्या कॅनमध्ये याच्या निम्म्या भावात मिळतं, तुमचं एवढं महाग का. बेल्टवाले दादा, तुमच्याकडे पण लोकल बेल्टवाले असतील ना, तेव्हा काय बोलता?

व्हीबेल्टवाला

असतात की, आणि कित्येकदा त्यांचा बेल्ट ठीकच असतो, ते पण मान्य करायचं.

भावावर वाद घालू नका, मोजून द्या. एक बाटली पैसे घेऊन ठेवून या, फुकट अजिबात नको, फुकटचं कोणी मोजून वापरत नाही. बाटलीवर मार्करने तारीख लिहा. आणि मालकाशी बोलून झालं की मागे जा, भांडी घासणाऱ्या मावशींना स्वतः दाखवा किती पाण्यात किती टाकायचं, लेबलवर जे माप असेल ते, कारण त्यांना सुट्या लिक्विडची सवय असते, त्या तसंच भसाभसा ओततील आणि तुमची बाटली दोन दिवसात संपेल आणि मालक म्हणेल बघा सांगितलं होतं ना. संपल्याची तारीख त्यांच्याकडून घ्या, त्यांचा कॅन किती दिवस जातो ते पण विचारून ठेवा, मग रोजचा खर्च दोन्हीचा काढा आणि त्याच्यासमोर कागदावर मांडा. सुटं स्वस्त पडलं तर पडलं, त्याला तसं सांगा आणि पुढची मेस.

मावशींना विचारायचं अजून एक कारण, सही मालकाची पण वापर त्यांचा. हात चरचरतात, वास आवडत नाही, तेलकट कढई दोनदा घासावी लागते असं काही असेल तर ती बाटली फळीवर तशीच राहणार, मालकाला कितीही पटवा.

जायची वेळ दुपारी साडेतीन-चारची. जेवणं आटपलेली असतात, संध्याकाळची चिराचीर सुरू व्हायची असते. बारा वाजता गेलात तर दारातच "बेन, पछी आवजो", म्हणजे ताई, नंतर या.

रश्मी_कारेलीबाग

आणि आधी फोन करून, ओळखपत्र गळ्यात घालून. कंपनीने दिलं नसेल तर मागून घ्या, द्यावंच लागतं. टिफिनवालीला आज रात्रीच विचारा की तुमच्यासारख्या अजून कोण कोण टिफिन देतात, या बायकांचा एकमेकींशी ग्रुप असतोच, ऑर्डर जास्त झाली की एकमेकींकडे पाठवतात.

पाणीवाला

गोत्री बाजूला माझी दोन मेसवाली गिऱ्हाइकं आहेत, त्यांना आधी विचारतो, हो म्हणाले तर तुम्हाला नंबर मेसेज करतो. फक्त एक, दोघांकडे बोअरचं पाणी आहे, चांगलंच जड आहे. तुमच्याकडे कॉर्पोरेशनचं येत असेल तर घरच्या अनुभवावर जाऊ नका, मी बाटलीभर बोअरचं पाणी आणून देतो, त्यात तुमचं लिक्विड किती फेस करतं आणि कढईचं तूप निघतं का ते बघा आणि मगच जा.